ओल्या रेयॉनला पिळू नका

मागच्या अंकात चवथीच्या कपड्यांबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं, ‘रेयॉन म्हणजे प्लास्टिक नव्हे, तो लाकडाच्या लगद्याचा धागा.’ त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी माझ्या आजवरच्या शिलाईवर आली नाहीत. एका बाईंनी विचारलंय, लाकूड अंगाला टोचत नाही का? नाही टोचत, बाय. कापूससुद्धा झाडावरच येतो. तर या वेळचा सगळा स्तंभ याच एका कापडाला.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की फोंड्यात माझं शिवणाचं दुकान आहे. दोन मशिनं, एक ओव्हरलॉक आणि मदतीला एक मुलगी. लग्न होऊन गोव्यात येण्याआधी सहा वर्षं मी डोंबिवलीच्या एका प्रोसेस हाउसच्या प्रयोगशाळेत होते. कोरं कापड तिथे यायचं, रंगून-छापून बाहेर पडायचं, आणि ते किती आखडतं, रंग किती सोडतं हे पाहणं माझ्याकडे असायचं. ती खोड अजून गेलेली नाही.

ताई, चवथीसाठी रेयॉनचं कापड घेऊन कुर्ता शिवून घेतला. पहिल्याच धुण्यात तो अडीच इंच आखडला आणि काखेत शिवणीलगत फाटला. मशीनमध्ये साध्या पाण्यातच धुतला होता. दुकानदार म्हणतो चूक शिंप्याची, शिंपी म्हणतो कापड भुक्कड. खरं काय? – एक शिक्षिका, साखळी

दुकानदार, शिंपी आणि तुम्ही, तिघांनी थोडी थोडी चूक केलीत. कापडाची त्यात सगळ्यात कमी.

कपाशीचं बोंड घ्या किंवा निलगिरीचं लाकूड, आतलं द्रव्य एकच, सेल्युलोज. साखरेचे मणी एकामागे एक ओवावेत तशी त्याची लांब माळ असते. कापसात या माळेला हजारो मणी. लाकडाचा लगदा विरघळवून त्यातून पुन्हा धागा काढताना माळ ठिकठिकाणी तुटते आणि व्हिस्कोसमध्ये साधारण अडीचशे ते साडेतीनशे मण्यांचे तुकडे उरतात. (रेयॉन आणि व्हिस्कोस, आपल्या बाजारात दोन्ही एकच समजा.) कोरडं असेपर्यंत हे तुकडे एकमेकांना धरून असतात. पाणी आत शिरलं की पकड सुटते. कापूस भिजल्यावर उलट जरा बळकट होतो, म्हणून तर आपल्या आज्या सुती लुगडी विहिरीवरच्या दगडावर आपटून आपटून वर्षानुवर्षं वापरत. व्हिस्कोस भिजला की त्याचं जवळजवळ निम्मं बळ जातं, आणि वाळला की परत येतं.

तुमचा कुर्ता मशीनमध्ये पडला तेव्हा तो असा अर्ध्या ताकदीचा होता, आणि नेमकं तेव्हाच त्याला बाकीच्या कपड्यांबरोबर (पैज लावते, त्यात जीन्स होती) गरगरा फिरवून पिळून काढलं. काखेत ओढ सगळ्यात जास्त बसते, त्यामुळे तो तिथेच गेला. शिंप्याचा दोष असा की सुती कापडाला सोडतात तेवढीच पाव इंच शिवण त्याने रेयॉनला सोडली असणार. रेयॉनचे धागे गुळगुळीत, शिवणीतून सरकतात. माझ्या दुकानात रेयॉनला अर्धा इंच शिवण, अकरा नंबरची सुई आणि आत ओव्हरलॉक, हे ठरलेलं. सोळा नंबरची सुई लावली तर भोकांची रांगच पडते आणि त्या रांगेवर कापड पोस्टाच्या तिकिटासारखं सुटतं.

आता आखडण्याचं. कापड रंगवून झालं की ओलं असतानाच दोन्ही काठांना पकडून एका लांब गरम यंत्रातून ओढत नेतात, त्याला स्टेंटर म्हणतात. सहा वर्षं मी त्याच्या शेजारी उभी राहिलेय, उन्हाळ्यात नको जीव होतो. ओला रेयॉन ताणला की मुकाट ताणला जातो आणि तसाच ताणलेला वाळतो. तेवढ्याच मालाचे चार मीटर जास्त निघाले तर कोणाला नको असतात? पुढे तुमच्या बादलीत पहिल्यांदा नीट भिजल्यावर तो ताण सुटतो आणि कापड आपल्या मूळ मापावर जातं. शिवाय भिजलेला धागा जाडीला फुगतो, त्याला वळसा घालताना उभा धागा तोकडा पडतो. म्हणून उंचीला जास्त आखडतं, रुंदीला कमी. तुमचंही तसंच झालं असणार.

हे टाळायला कापड आधी पाण्यातून काढायचं. तेवढा वेळ नसेल तर निदान तुकडा तपासा. एक वीतभर रुंद पट्टी घ्या, उभ्या धाग्याच्या दिशेने बरोबर वीस इंचांवर दोन टोकांना रंगीत दोऱ्याचा एकेक टाका घाला. कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून, न पिळता, आडवी टाकून वाळवा, इस्त्री फिरवा, मोजा. एकोणीस भरली तर पाच टक्के गेले. चव्वेचाळीस इंची कुर्त्याला दोन इंचांच्या वर. तुमचे अडीच इंच इथेच गेलेत. दुकानात ‘चौदा किलो रेयॉन’ असा शब्द ऐकाल, तो शंभर मीटरच्या थानाचं वजन सांगतो. चौदा किलोचा कुर्त्याला ठीक. त्याहून हलका अस्तराला किंवा ओढणीला.

झालेल्या कुर्त्याचं काय करायचं? रेयॉन ओला असताना ताणला जातो, हा त्याचा दुर्गुण इथे कामाला येतो. कुर्ता गार पाण्यात भिजवा, मोठ्या टॉवेलात गुंडाळून वरून दाबा, जमिनीवर पसरा आणि दोन्ही हातांनी खांद्यापासून घेराकडे हलकेच, थोडं थोडं, सगळीकडून सारखं ओढा. अर्धवट ओला असताना उलट्या बाजूने मध्यम इस्त्री, उंचीच्या दिशेनेच. इंच-दीड इंच मिळतो. पुढच्या धुण्यात तो परत जाईल, तेव्हा दर वेळी हाच उद्योग. मी तुमच्या जागी असते तर खाली रंगाला शोभेलशी दोन इंची पट्टी जोडून मोकळी झाले असते. काखेत आतून त्याच कापडाचा चौकोनी तुकडा घाला, उरेबात, म्हणजे धाग्याला तिरका, कापलेला.

शिंप्यावर फार रागावू नका. दुकान उघडलं त्या पहिल्याच वर्षी मी एका मुलीचा साखरपुड्याचा घेरदार झगा रेयॉनमध्ये शिवला. संध्याकाळी खालची दुमड घातली, सकाळी पाहते तर दोन्ही बाजूंना घेर दोन दोन इंच खाली लोंबलेला आणि पुढे-मागे जागच्या जागी. उरेबात कापलेला रेयॉन स्वतःच्या वजनाने उतरतो हे मला प्रयोगशाळेत कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी दहाचा मुहूर्त, आणि मी टेबलाखाली बसून उसवतेय. तेव्हापासून घेराचं काहीही रात्रभर हँगरला टांगल्याशिवाय दुमडत नाही.

काकू, मडगावच्या एका प्रदर्शनातून ‘मोडाल सिल्क’ची अजरख छापाची साडी ४२०० रुपयांना घेतली. जाऊबाई म्हणतात, यात सिल्कचा एक धागा नाही, तू फसलीस. धुवायची कशी तेही विक्रेत्याने सांगितलं नाही. – एक वाचक, मडगाव

जाऊबाई बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. पण पटकन ‘फसलीस’ म्हणू नये.

मोडाल हा रेयॉनच्याच घरातला, जरा सुधारलेला भाऊ. ऑस्ट्रियातली लेन्झिंग ही कंपनी तो बीच नावाच्या झाडाच्या लाकडापासून करते. ओला झाला तरी तो साध्या रेयॉनपेक्षा बराच टिकाव धरतो. सॅटिनच्या विणीत विणला की तो असा काही चमकतो आणि अंगावरून असा वाहतो की बाजाराने त्याच्या पुढे ‘सिल्क’ लावून टाकलं. ही खोड जुनीच आहे. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात शार्दोने या फ्रेंच गृहस्थाने लाकडा-कापसाच्या सेल्युलोजपासून केलेलं ‘रेशीम’ मांडलं तेव्हा लोक वेडे झाले होते. ते कापड भयंकर पेट घ्यायचं, हे पुढे कळलं. नंतर १८९२ मध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तीन इंग्रजांनी व्हिस्कोसची पद्धत काढली, तरीही कितीतरी वर्षं सगळे त्याला ‘कृत्रिम रेशीम’च म्हणत. ‘रेयॉन’ हे नाव १९२४ मध्ये अमेरिकेत ठरलं. आपल्याकडचं ‘आर्ट सिल्क’ त्याच काळाचं पिल्लू. त्यातल्या ‘आर्ट’चा कलेशी काही संबंध नाही, ते ‘आर्टिफिशल’चं आखूड रूप आहे, आणि कलाकुसरीची साडी समजून घेणाऱ्या बायका मी स्वतः पाहिल्यात.

शंका फेडायची तर धागा जाळून पाहा. पदराच्या झालरीतला उभा धागा घ्या आणि आतल्या बाजूने एक आडवा धागाही काढा. दोन्ही वेगवेगळे जाळायचे, कारण उभा एक आणि आडवा दुसराच असली मिश्रणं सर्रास असतात. चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी. रेशीम हळूहळू, विझत विझत जळतं, केस जळल्याचा वास येतो, मागे काळी गोळी उरते ती बोटाने चुरगळते. मोडाल-रेयॉन-सूत कागदासारखं भस्सकन पेटतं, वासही कागदाचा, राख राखाडी आणि फुंकरीने उडेल इतकी हलकी. पॉलिएस्टर वितळतं आणि मागे टणक मणी उरतो, तो चुरगळत नाही. खऱ्या रेशमासाठी २००४ पासून सिल्क मार्कची खूणचिठ्ठी मिळते, पुढच्या वेळी ती मागा.

कागदाचा वास आला तरी साडी परत करायची घाई नको. बिलावर ‘प्युअर सिल्क’ लिहिलं असेल तर जरूर भांडा. ‘मोडाल’ लिहिलं असेल तर तुम्ही मोडालच घेतलंत, आणि चांगला छाप, चांगली पडण असलेली मोडालची साडी त्या भावात काही वाईट नाही. आपल्या दमट हवेत रेशमापेक्षा ती मला तरी सुखाची वाटते. पहिली दोन-तीन धुणी एकटीच धुवा, गार पाणी, हात धुवायच्या द्रवाइतका सौम्य साबण, पाच मिनिटं, बस. भिजत टाकून बाजारात जायचं नाही. वाळत घालताना एका दोरीवर लोंबत न टाकता दोन दोऱ्यांवर पसरून घाला, ओल्या साडीचं पाणी तिला खाली ओढत असतं. सावलीत.

बाई, आमच्याकडे पावसात चार महिने कपडे सुकत नाहीत. कडक इस्त्रीचे रेयॉनचे दोन कुर्ते आहेत, त्यांवर काळे ठिपके पडलेत आणि एकाला जाळीसारखी भोकं. सुती कपडे त्याच कपाटात ठीक आहेत. रेयॉनच का? – एक गृहिणी, वाळपई

वाळपईचा पाऊस मला माहीत आहे, माझं सासर सत्तरीतलंच. तिथे जुलैत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तर कपाटाचं काय घेऊन बसलात.

रेयॉन हवेतलं पाणी कापसापेक्षा जास्त ओढतो. ठरावीक हवेत ठेवलं तर कापूस स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरतो, व्हिस्कोस अकरा ते तेरा टक्के. उन्हाळ्यात तो अंगाला गार लागतो तो याच गुणामुळे, आणि पावसात बुरशीला आवडतो तोही याच गुणामुळे. बुरशीला सेल्युलोज म्हणजे तयार जेवण.

भोकं मात्र बुरशीची नव्हेत. ती कसरीची. चंदेरी, सुळसुळणारी, दिवा लावला की फटीत पळते ती. तिला कांजी आवडते, पुस्तकाची खळ आवडते आणि रेयॉन मनापासून आवडतो. तुम्ही कुर्त्यांना कांजी केली होती का? पत्रात लिहिलेलं नाही, पण ‘कडक इस्त्रीचे’ असा शब्द आलाय म्हणून विचारते. मे अखेरीला कपाट लावताना कांजी केलेलं सगळं एकदा साध्या पाण्यातून काढूनच आत ठेवायचं, कापडाची जात कुठलीही असो.

काळ्या ठिपक्यांचं सांगते. कपडा आधी बाहेर नेऊन कोरडाच झटका, घरात नको, नाहीतर बीज सगळ्या कपाटभर. मग धुवा. पांढरा असेल तर ऑक्सिजनवाली डागांची पावडर कोमट पाण्यात विरघळवून वीस मिनिटं, जास्त नाही. क्लोरीनचं ब्लीच रेयॉनजवळ आणूच नका. ठिपका तरी राहिला तर तो डाग नसून बुरशीने खाल्लेली जागा आहे, ती कुठल्याच पावडरने भरून येत नाही. गडद रंगात रंगवून घ्या. रेयॉन रंग फार छान घेतो.

सुकवायचं कसं, हा खरा प्रश्न. रेयॉन पिळता येत नाही, आणि न पिळता पावसात सुकत नाही. मी करते ते सांगते. धुतलेला कुर्ता जुन्या सुती टॉवेलवर पसरायचा, चटईसारखी गुंडाळी करायची, आणि त्या गुंडाळीवर गुडघे टेकून बसायचं. खरंच बसायचं, मोजून तीसपर्यंत. टॉवेल चिंब होतो, कुर्ता नुसता दमट राहतो. मग पंख्याखाली खाटेवर पसरायचा, दोन तासांनी उलटायचा. शेवटची ओल मध्यम इस्त्रीने काढायची. आणि इस्त्री केल्या केल्या कपाटात ठेवायचा नाही, आतली वाफ बाहेर पडायला तासभर खुर्चीच्या पाठीवर राहू द्या. याच चुकीने निम्मे कपडे बुरसतात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. चिरेबंदी भिंत पावसात घामेजते ती तुम्हीही पाहिली असेल. कडुलिंबाचा पाला ठेवत असाल तर तो कडकडीत वाळलेला हवा, अर्धा ओला पाला ठेवून आपणच कपाटात ओल नेतो. डांबराच्या गोळ्या मलमलीच्या पुरचुंडीत, कापडाला लागू न देता.

मॅडम, मी बागायतदार. टुरिस्ट दुकानात मिळतात तसले फुलाफुलांचे रेयॉनचे शर्ट उन्हात फार गार वाटतात म्हणून काजूच्या दिवसांत तेच घालतो. बोंडूच्या रसाचे डाग आधी दिसत नाहीत, धुतल्यावर काळे पडतात! सोलकढीचा डाग साबण लावल्यावर निळा झाला तो वेगळाच. – एक वाचक, पेडणे

तुमचं पत्र वाचून दुकानात आम्ही दोघी हसलो, आणि मग मला माझी जुनी प्रयोगशाळा आठवली. तुम्ही तिथले दोन धडे घरबसल्या केलेत.

बोंडूच्या रसात टॅनिन असतं, तेच जे जिभेला घशापर्यंत आवळतं. ओला रस दिसत नाही, वाळला की तपकिरी होतो. टॅनिनला लोह भेटलं की काळा रंग तयार होतो, जुन्या काळी शाई अशीच करत. तुमच्या विहिरीच्या पाण्यात लोह असणार, लाल चिऱ्याची जमीन, किंवा बादली तरी गंजकी असेल. म्हणजे शर्टावर तुम्ही रीतसर शाई केलीत. यापुढे डाग पडला की तिथल्या तिथे नुसत्या पाण्याने धुवा, जमल्यास नळाच्या. साबणाची वडी घासू नका, तिने टॅनिन बसतं. मग पातळ डिटर्जंट. काळ्या झालेल्या डागावर लिंबाचा रस पाच-दहा मिनिटं आणि लगेच भरपूर पाणी. लिंबू कापडात वाळू द्यायचं नाही आणि त्यावर इस्त्री तर मुळीच नाही, आम्ल आणि उष्णता मिळून सेल्युलोज ठिसूळ करतात. चोळायचं नाही हे आता तुम्हाला वेगळं सांगायला नको, ओला आहे तो.

काजूच्या टरफलाचं तेल लागलं असेल तर नाद सोडा. कातडी सोलवटणारं तेल ते, कापडाला काय सोडणार. तो शर्ट बागेलाच राखा.

सोलकढीचं सोपं. कोकमाचा रंग आंबटात लाल आणि साबणाच्या खारात निळसर. घाबरून जास्त साबण लावला की जास्त निळा. आधी गार पाणी, मग नारळाच्या रसाचा तेलकटपणा काढायला भांड्यांच्या द्रवाचे दोन थेंब, पुन्हा पाणी.

ताई, बाळासाठी ‘शंभर टक्के बांबू’चे लंगोट आणि झबली घेतली, महाग होती. नैसर्गिक, जंतुनाशक आणि पर्यावरणाला चांगली असं पाकिटावर आहे. हे खरं आहे ना? – एक नवी आई, पर्वरी

मऊ आहेत, हे खरं. बाळाला बाधणार नाहीत, हेही खरं. बाकीच्याबद्दल बसून बोलायला हवं.

बांबू कुटून, पिंजून, तागासारखा थेट धागा काढता येतो, पण तो खरखरीत असतो आणि क्वचित मिळतो. तुमच्या झबल्यासारखं मऊ जे काही ‘बांबू’ म्हणून येतं ते बहुतेक सगळं व्हिस्कोस. लगदा बांबूचा, पुढची रीत तीच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये अशा विक्रेत्यांवर कारवाई केली आणि बजावलं की याला ‘बांबू’ न म्हणता ‘बांबूपासूनचा रेयॉन’ म्हणा, आणि बांबूचे जंतुनाशक गुण या प्रक्रियेतून शिल्लक राहतात असं सांगू नका. २०२२ मध्ये दोन बड्या दुकानसाखळ्यांना त्यावरूनच लाखो डॉलरचा दंड झाला. लंगोट जंतुनाशक आहे म्हणून दोन तास जास्त ठेवू नका, एवढंच.

‘पर्यावरणाला चांगली’ यावर मला माझ्या बाबांचं सांगावं लागेल. ते मुंबईजवळच्या एका रेयॉनच्या गिरणीत होते, स्पिनिंग खात्यात. लगद्याच्या जाड कागदासारख्या थप्प्या यायच्या. त्या कॉस्टिक सोड्यात भिजवायच्या, कुटायच्या, मुरवायच्या, मग त्यावर कार्बन डायसल्फाइड. भुगा नारिंगी होतो. तो पुन्हा पातळ सोड्यात विरघळवला की मधासारखा घट्ट रस. बाबा त्याला ‘मध’च म्हणायचे. तो रस बारीक भोकांच्या टोपीतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडला की प्रत्येक भोकातून एक पांढरी तार निघते. लाकूड विरघळलं होतं, ते परत धागा झालं. मी एकदा आठ वर्षांची असताना दाराच्या काचेतून ते पाहिलंय आणि अजून विसरलेले नाही.

पण बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला सडक्या अंड्याचा वास असायचा आणि पुढच्या बाजूला आम्लाच्या शिंतोड्यांची बारीक बारीक भोकं. पाळी संपली की डोळे लाल, दिव्याकडे बघवत नसे. आई काकडीच्या चकत्या ठेवायची. कुंडातून निघणाऱ्या वायूने डोळ्यांचं असं होतं आणि कार्बन डायसल्फाइड वर्षानुवर्षं श्वासात गेलं तर मज्जातंतूंवर जातं, हे मला पुढे पुस्तकांत वाचायला मिळालं. बाबांनी पुस्तक वाचलं नव्हतं, पण त्यांनी आम्हा भावंडांपैकी कोणाला त्या गिरणीत जाऊ दिलं नाही. आज चांगले कारखाने हे वायू पकडून पुन्हा वापरतात. सगळे नाही. पाकिटावरच्या हिरव्या पानाच्या चित्रावरून ते कळत नाही.

पर्याय हवा असेल तर ‘लायोसेल’ हा शब्द शोधा, ‘टेन्सेल’ हे त्याचंच एक व्यापारी नाव. तिथे कार्बन डायसल्फाइड लागतच नाही. लगदा एका वेगळ्याच द्रावकात सरळ विरघळतो आणि तो द्रावक नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर परत मिळवून पुन्हा वापरतात. ओला असतानाही तो फारसा दुबळा होत नाही. महाग आहे. आणि तान्ह्या बाळाच्या लंगोटांबद्दल मला विचाराल तर आजीचं जुनं सुती लुगडं फाडा. उकळता येतं, दगडावर आपटता येतं, दिवसाला पंधरा लागले तरी जीव जळत नाही. घेतलेली झबली मात्र घाला, मऊ आहेत. लंगोट उकळू नका, पिळू नका, टॉवेलात गुंडाळा.

बाय, सोबत तुकडा पाठवतेय. कुणबी साडीच्या चौकटींचा आहे, विकणाऱ्याने हातमागाचं सुती म्हणून दिला. मला तो फार सुळसुळीत वाटतो. सांगाल का? – एक वाचक, केपे

मिळाला. तांबड्या पांढऱ्या चौकटी, नखाएवढ्या. दोन्ही बाजूंचे धागे सोडवून पाहिले. आधी जीभ लावून एक धागा भिजवला आणि दोन टोकांनी ओढला, तो ओल्या जागीच तुटला. सुती धागा ओल्या जागी असा तुटत नाही. मग जाळला. उभा धागा, आडवा धागा, दोन्हींना कागदाचा वास, हलकी राख, म्हणजे पॉलिएस्टर नाही. काठही पाहिला, अगदी एकसारखा, मशीनचा. हातमागावर काठाला कुठेतरी हात चुकल्याची खूण सापडते. म्हणजे यंत्रमागावरचा रेयॉन, कुणबी चौकटीत.

ब्लाउज शिवायचा असेल तर शिवा, छान दिसेल. अर्धा इंच शिवण सांगा. उरलेला तुकडा पाकिटात घालून परत पाठवतेय, एक कोपरा मी जाळलाय तेवढा कमी असेल.